यंदा गड्ड्यावर नेऊ का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलंय. मुलगा ६ वर्षांचा. मोजकेच शब्द बोलतो, हाक मारली तरी वळून बघत नाही. गेल्या वर्षी गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्याजवळ कान दाबून खाली बसला, किंचाळत राहिला. गर्दी जमली, दिरांनी चापट मारली. घरचे म्हणतात, आईच्या लाडाने बिघडला; घरी तेलुगू, शाळेत मराठी, म्हणून बोलत नाही. यंदा त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून जाऊ का, असं त्या विचारतात.

ताई, आधी त्या चापटीचं बोलू. तो हट्ट करत नव्हता. पिपाण्या, कर्णे, पाळण्यांचा खडखडाट काही मुलांना खरोखर सोसवत नाही. मारलं की त्यात भीतीची भर पडते, एवढंच. हे दिरांना तुमच्या मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही एकटीने नाही.

लाडाने असं होत नाही, दोन भाषांनीही नाही. तेलुगू बंद करू नका.

तुम्ही लिहिलंय, मागासाठी कांड्यांवर सूत भरताना तो शेजारी बसून रिकाम्या कांड्या उरलेल्या सुताच्या रंगाप्रमाणे ओळीत लावतो, एक हलली तरी उचलून जागेवर ठेवतो. ही ओळ मी दोनदा वाचली. काम बाजूला ठेवून तिथेच बसा. एक कांडी हातात धरा, रंगाचं नाव घ्या आणि थांबा. त्याने नुसता हात पुढे केला तरी ते बोलणंच समजा.

सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग विभागात मात्र याच महिन्यात न्या. आधी कान तपासा, मग वाढीची तपासणी. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे की नाही हे पत्रावरून सांगता येत नाही, तपासूनच कळेल. असेल तर २०१६च्या दिव्यांग कायद्यात ती येते. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा.

आणि गड्डा. त्याला न्या, पण सकाळी, होम मैदानावर पाळणे थांबलेले असताना. आदल्या दिवशी मोबाइलवर फोटो दाखवा, कान झाकणारी टोपी घाला. हात ओढू लागला की लगेच परत फिरा, दहा मिनिटं झाली तरी पुष्कळ.

मग एका संध्याकाळी त्याला बाबांजवळ ठेवून तुम्ही जा. गेल्या वर्षी बांगड्या बघायच्या राहिल्या, असं लिहिलंयत. त्या घेऊन या.