जिन्याखालच्या जागेत बाहेर ओढायचे कप्पे कसे करावेत?

आपण विचारले आहे की जिना ९०० मिलिमीटर रुंद आहे, त्याखालची तिरपी जागा पुस्तके, अवजारे, पादत्राणे आणि झाडू अशा नाना वस्तूंसाठी वापरायची आहे, आणि सुतार सारख्या रुंदीचे चार उभे कप्पे ड्रॉवरच्या चॅनेलवर, म्हणजे बाजूंना बसणाऱ्या धातूच्या सरकपट्ट्यांवर, बसवू म्हणतो, तर ते योग्य ठरेल का. माझे उत्तर असे की चार भाग अवश्य करावेत, परंतु ते सारखे नसावेत, चारही ओढायचे नसावेत, आणि जे जड असतील त्यांचे वजन चॅनेलवर न टाकता चाकांमार्फत जमिनीवर टाकावे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत आहे. माझ्या घरच्या जिन्याखाली प्रथम जे कप्पे केले, ते ८०० मिलिमीटर खोल होते आणि दोन बाजूंच्या चॅनेलवर लटकलेले होते. पुस्तके भरल्यावर काही महिन्यांतच पुढचे तोंड खाली झुकले आणि दर्शनी फळी फरशीला घासू लागली. कारण हिशेब केल्यावर सरळ दिसले. पुस्तकांनी भरलेली एक मीटर लांबीची फळी ढोबळमानाने ३० किलो भरते. ८०० मिलिमीटरच्या तीन फळ्या म्हणजे सुमारे ७० किलो, आणि १८ मिलिमीटर प्लायवुडच्या पेटीचे स्वतःचे २५ ते ३० किलो. नेहमी मिळणाऱ्या ४५ मिलिमीटर उंचीच्या बॉलबेअरिंग चॅनेलची जोडी साधारण ४५ किलोपर्यंतच्या भारासाठी असते. त्यातही कप्पा पूर्ण बाहेर आला की सगळा भार चौकटीच्या पुढे अधांतरी राहतो, आणि जितकी खोली जास्त तितका तो स्क्रूंना जोराने उपटतो. जास्त क्षमतेचे चॅनेल मिळतात, पण ते ज्या फळीवर बसवायचे ती फळी आणि तिचा पायाही तितकाच भक्कम हवा, हे बहुतेक वेळा विसरले जाते.

म्हणून मधल्या जड कप्प्यांना खाली चार चाके द्यावीत. चाके एका दिशेनेच चालणारी असावीत. सर्व बाजूंना वळणारी चाके घेतल्यास कप्पा आत ढकलताना तिरका होऊन शेजारच्या फळीला अडतो. व्यास ५० मिलिमीटरच्या आसपास आणि धाव रबराची किंवा पॉलियुरेथेनची असली की फरशीवर ओरखडे पडत नाहीत. चाके वजन पेलतात, पण उभ्या कप्प्याला सरळ ठेवत नाहीत, म्हणून खाली जमिनीलगत एक मार्गदर्शक पट्टी आणि वर दोन्ही बाजूंच्या स्थिर फळ्यांना जोडलेल्या आडव्या पट्टीत दुसरी, अशा दोन ठिकाणी त्याला धरून ठेवावे लागते. मागे अडसर असा बसवावा की कप्प्याचा शेवटचा १५० ते २०० मिलिमीटर भाग नेहमी आतच राहील. पूर्ण बाहेर आलेला अरुंद, उंच कप्पा मुलाने फळीवर पाय ठेवताच कलंडू शकतो, आणि याबाबतीत कोणतीही तडजोड करू नये असे मला मनापासून वाटते. याच कारणासाठी १२०० मिलिमीटरपेक्षा उंच कप्पा मी ओढायचा करणार नाही. जिन्याच्या सर्वांत उंच टोकाला बिजागरीचे साधे दार आणि आत झाडू, शिडी उभी राहील अशी मोकळी जागा ठेवावी. सर्वांत बुटक्या टोकाला मात्र पादत्राणांचा हलका ड्रॉवर चॅनेलवर बिनधास्त चालतो.

मापे घेण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. कप्पा पूर्ण बाहेर आल्यावर तो किती जागा अडवेल, ते जमिनीवर चिकटपट्टीने आखून त्याभोवती उभे राहून पाहावे. ८०० मिलिमीटर कप्पा बाहेर आला आणि समोर वाटच ९०० मिलिमीटरची असली, तर वस्तू काढायला माणूस उभा राहणार कोठे? असे असेल तर खोली कमी करावी. वस्तू बाजूने काढायच्या असल्याने उघडी बाजू जिन्याच्या उंच टोकाकडे ठेवावी, म्हणजे तोंडाची उंची जास्त मिळते.

आता उताराचे गणित. पायरीची उंची १७५ आणि रुंदी २५० मिलिमीटर असेल तर उतार सुमारे ३५ अंशांचा होतो, म्हणजे ५०० मिलिमीटर रुंदीच्या कप्प्याच्या एका कडेची उंची दुसरीपेक्षा ३५० मिलिमीटरने जास्त भरते. वरची तिरपी फळी त्यामुळे ५०० नव्हे, तर ६१० मिलिमीटर लांब लागते. जिन्याचा स्लॅब काटकोनात मोजून १५० मिलिमीटर जाड असला तरी ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, तो सुमारे १८३ मिलिमीटर जागा खातो. म्हणून पायऱ्यांवरून हिशेब न करता खालच्या बाजूला ओळंबा धरून दर ३०० मिलिमीटरवर प्रत्यक्ष उंची मोजावी. स्लॅबची खालची बाजू क्वचितच सरळ असते, तेव्हा सर्वांत खाली आलेल्या जागेपासून १० मिलिमीटर सोडून रेघ आखावी.

येथे सुताराची एक नेहमीची पडताळणी उपयोगी पडत नाही. चौकोनी पेटीचे दोन्ही कर्ण सारखे आले की ती काटकोनात आहे असे मानतात. तिरप्या माथ्याच्या पेटीचे कर्ण मुळातच असमान असतात. त्यामुळे खालचे दोन कोपरे गुण्याने, म्हणजे काटकोन पाहायच्या अवजाराने, तपासावेत आणि आधी जाड पुठ्ठ्यावर किंवा स्वस्त प्लायवुडवर पूर्ण मापाचा साचा कापून जागेवर धरून पाहावा. माझ्या मते या साच्यावर खर्च केलेला अर्धा दिवस संपूर्ण कामातला सर्वांत फायद्याचा असतो. बंद बाजूची फळी खाचेत सरस लावून घट्ट बसवावी, कारण पेटीला डुलू न देण्याचे काम तीच करते.

दर्शनी फळ्या शक्यतो एकाच तावातून सलग कापाव्यात, म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतात आणि करवतीच्या पात्याने खाल्लेली ३ मिलिमीटरची फट दोन फळ्यांमध्ये आपोआप मिळते. त्या सर्वांत शेवटी, लांबट भोकांतून स्क्रू लावून बसवाव्यात, जेणेकरून वर-खाली सरकवून जुळवता येतील. तळाशी ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवावे. वाटेत बाहेर आलेली मूठ कपड्यांना अडकते, म्हणून फळीतच बोटांची खाच करावी.

कामाला हात घालण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. तेथे पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा विजेची पेटी असल्यास ती कप्पा न काढता उघडता यावी. जिना लाकडी असेल आणि खाली एखादा खांब किंवा भिंत असेल, तर ती जिन्याचा भार घेत नाही असे स्थापत्य अभियंत्याने पाहून सांगेपर्यंत तिला करवत लावू नये. काँक्रीटचा जिना असल्यास पट्ट्या स्लॅबमध्ये भोके पाडून नव्हे, तर जमिनीवर उभ्या केलेल्या चौकटीला ठोकाव्यात. गॅसचे सिलिंडर, रॉकेल, थिनर यांना या कप्प्यांत जागा देऊ नये. आग लागल्यास खाली उतरण्याचा मार्ग हाच असतो.