कुत्र्याच्या सांधेदुखीवर जॉइंट सप्लिमेंटचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की टायगर ११ वर्षांचा लॅब आहे, एक्स-रेत मागच्या दोन्ही खुब्यांना आर्थ्रायटिस निघालाय, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या चघळायच्या गोळ्या चालू केल्यात, महिन्याला दोन हजारांच्या घरात खर्च जातोय, तर याने खरंच फरक पडतो का, आणि उघडलेला डबा घरात आहे त्याचं काय करू. आधी उत्तर देऊन टाकते, मग पाल्हाळ लावते. त्या दोन हजारात टायगरला मिळू शकणाऱ्या गोष्टींमध्ये ही गोळी माझ्या मते सगळ्यात शेवटी येते. मी डॉक्टर नाही, पण आमची गोटी (तीही लॅबच, साडेतेराव्या वर्षी गेली) शेवटची चार वर्षं याच दुखण्यातून गेली आणि त्या काळात मी वाचवत नाही इतकं वाचलं.

आता माझी फजिती ऐका. गोटी नऊ वर्षांची असताना एका जानेवारीत तिला सकाळी उठताच येईना. पुढचे पाय रोवायची, मागचे घसरायचे, परत बसायची, परत प्रयत्न. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मी ऑफिसला जाणारी म्हणून द्यायचं काम सासूबाईंकडे, त्या पोळीच्या तुकड्याला तूप लावून त्यात गुंडाळून द्यायच्या. मार्चपर्यंत गोटी टुणटुणीत. मी सोसायटीत ज्याच्याकडे कुत्रा आहे त्या प्रत्येकाला सांगत सुटले की या गोळ्या घ्याच, चमत्कार आहे नुसता, दोघांनी माझ्या सांगण्यावरून घेतल्यासुद्धा. दिवाळीच्या साफसफाईला दिवाण सरकवला तर मागे भिंतीला लागून गोळ्यांचा ढीग, काही चाटून गुळगुळीत झालेल्या, काहींना मुंग्या. मोजल्या तर एकशे बारा. बाईसाहेब तूप-पोळी खाऊन गोळी तोंडात धरून दिवाणामागे जायच्या आणि थुंकून यायच्या. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच, रोज तिकडे काय बघायला जाते म्हणून."

म्हणजे गोळी पोटात जात नव्हती आणि फरक तर मला दिसत होता, शपथेवर सांगितलं असतं. मग कशाने दिसला? एक तर थंडी संपली, थंडीत सांधे जास्त आखडतात. दुसरं, आर्थ्रायटिस हा चढउतारांचाच आजार आहे, काही दिवस वाईट काही बरे, आणि आपण गोळी चालू करतो ती सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यामुळे पुढे काहीही दिलं किंवा नाही दिलं तरी थोडं बरं वाटणारच असतं. आणि तिसरं म्हणजे पैसे घातलेत म्हटल्यावर आपले डोळे आपलं ऐकतात. हे माझं एकटीचं येडेपण नाही बरं का, २०१२ मध्ये यावर चक्क अभ्यास छापून आलाय. आर्थ्रायटिसने लंगडणारे ५८ कुत्रे घेतले, ज्यांना बनावट गोळीच (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) दिली जात होती, आणि ते पायावर किती भार टाकतात ते जमिनीत बसवलेल्या मशीनने मोजलं. मशीनचं म्हणणं आणि माणसांचं म्हणणं ताडून पाहिलं तर मालकांच्या बाबतीत ५७ टक्के वेळा हा भास निघाला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीतही ४० ते ४५ टक्के वेळा. डॉक्टरांच्याही! त्यामुळे "आमच्या कुत्र्याला फरक पडला" असं कोणी सांगितलं, मी सांगितलं तरी, फारसं मनावर घेऊ नका.

बरं मग नीट अभ्यासांत काय निघालंय. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या बाजूने लोक २००७ चा एक अभ्यास दाखवतात, ३५ कुत्र्यांचा, त्यात ७० व्या दिवशी दुखणं कमी झाल्याचं दिसलं होतं. (दोन-तीन महिने द्या मग कळेल, असं सांगतात ना, ते तुम्हीही ऐकलं असेलच.) पण त्यात तुलना दुसऱ्या औषधाशी होती, बनावट गोळीशी नव्हती, आणि दिवाणामागचा ढीग बघितल्यावर मला तरी आता बनावट गोळीशी तुलना नसेल तर पटत नाही. त्याआधी २००३ मध्ये ७१ कुत्र्यांवर झालं होतं, त्यात कार्प्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकांनी फरक पडला, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनने नाही. माणसांमध्ये तर २००६ ला अमेरिकेत १५८३ गुडघेदुखीवाल्यांवर मोठी चाचणी झाली, तिथेही एकूणात बनावट गोळीपेक्षा काही खास नाही. आणि २०२२ मध्ये कुत्र्या-मांजरांवरच्या अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या त्यात तर स्पष्टच लिहिलं की कॉन्ड्रॉइटिन-ग्लुकोसामाइन दुखण्यासाठी देण्याची शिफारस आता थांबवा. कोलॅजनचा पुरावा कमकुवत. टिकलं ते ओमेगा-३, म्हणजे माशाचं तेल.

शाकाहारी घर असेल तर एक सांगून ठेवते, ग्लुकोसामाइन बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं आणि कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडापासून. आमच्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा तुपाचा डबासुद्धा घासून काढला.

माशाच्या तेलात पण एक गोम आहे आणि ती कोणी सांगत नाही, डोसाची. मेडिकलमध्ये मिळणारी साधी १००० मिग्रॅची कॅप्सूल उलटी करून बारीक अक्षरात वाचा, त्यात कामाचं म्हणजे इपीए आणि डीएचए हे ओमेगा-३ चे दोन प्रकार, साधारण १८० आणि १२० मिग्रॅ, बेरीज ३००. बाकी नुसतं तेल. आर्थ्रायटिससाठी ३० किलोच्या कुत्र्याला जो डोस सांगतात तो दिवसाला ३ ते ४ ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे अशा दहा ते तेरा कॅप्सूल! आणि आपण देतो एक, तीही रविवारी विसरतो. म्हणून जास्त ताकदीचं तेल बघा आणि डोस डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्या, हळूहळू वाढवा, एकदम दिलं की जुलाब होतात (आमच्या गॅलरीने ते भोगलंय). तेल म्हणजे कॅलरी, ती जेवणातून वजा करा. ऑपरेशन ठरलं असेल तर तेल चालू आहे हे सांगा, रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि कॉड लिव्हर ऑईल ही वेगळी वस्तू आहे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं, ते या डोसात द्यायचं नाही. जवस चालेल का असं हमखास कोणीतरी विचारतं, तर जवसातल्या ओमेगाचं इपीए करणं कुत्र्यांना फार कमी जमतं आणि मांजरांना जवळजवळ नाहीच, शिवाय घरातली जवसाची चटणी तर अजिबात नको, त्यात लसूण असतो आणि लसूण कुत्र्यांना बाधतो. हळदीचं म्हणाल तर हळद शरीरात नीट शोषलीच जात नाही, भातात चिमूटभर घातली तर घाला, पण त्यावर विसंबू नका. कॅल्शियमचं सिरप हा आणखी एक आपल्याकडचा लाडका उपाय, म्हातारा झाला की दे कॅल्शियम. आर्थ्रायटिस हा हाडात कॅल्शियम कमी पडल्याचा आजार नाहीच मुळी, सांध्यातली कूर्चा झिजते.

आता ज्याने गोटीला खरोखर फरक पडला ते सांगते, आणि यावेळी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून नाही, मोबाईलवर व्हिडिओ काढून. दर रविवारी सकाळी, त्याच जागी, झोपेतून उठताना, आणि मग जिन्यापर्यंत चालत जाताना. उठायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचं, बाकी काही नाही.

पहिलं वजन. गोटी ३८ किलो होती आणि आम्ही सगळे तिला "अंगाने भरलेली" म्हणायचो. अप्पा म्हणजे माझे सासरे सकाळच्या चहाबरोबर तिला ग्लुकोजची बिस्किटं घालायचे, संध्याकाळी शेजारच्या काकू शिळी पोळी, माझा मुलगा स्वतःला नको असलेलं सगळं. आर्थ्रायटिस असलेल्या जाड कुत्र्यांचं वजन सहा-एक टक्के उतरलं की लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं असं २०१० मधल्या एका अभ्यासात दिसलंय, गोटीच्या हिशोबाने ते सव्वादोन किलो फक्त. आणि लॅबवाल्यांनी तर तो जुना अभ्यास माहीत करून घ्यायलाच हवा, ४८ लॅब, पिल्लं असल्यापासून जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि खुब्याचा आर्थ्रायटिसही कमी खाणाऱ्यांना उशिरा आला. कोणता डबा पावणेदोन वर्षं देतो सांगा.

पण घरात हे राबवणं म्हणजे युद्ध. "मुक्या जनावराला उपाशी मारतेस" हे मी किती वेळा ऐकलं असेल. शेवटी सकाळी तिचं दिवसभराचं खाणं एका डब्यात मोजून ठेवायचं आणि ज्याला लाड करायचेत त्याने त्या डब्यातलंच द्यायचं, असा कायदा केला. अप्पांना बिस्किटाऐवजी काकडीचे काप दिले, गोटीला काही फरक पडला नाही, अप्पांना पडला. आठ महिन्यांत ३१ किलोवर आली. तुमच्या टायगरचं बघायचं असेल तर हाताची मूठ वळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा, मग त्याच्या बरगड्यांवरून फिरवा. तितक्या टोकदार लागल्या तर तो बारीक आहे. आता मूठ सोडून हात सपाट ठेवा आणि वरच्या बाजूने फिरवा, बरगड्या तशा लागल्या तर उत्तम. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर बिस्किटं बंद.

दुसरी गोष्ट फरशी. आपल्याकडच्या त्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याला बर्फ आहे. मी तिच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी मॅटचा रस्ता केला, मध्ये कमी पडलं तिथे जुनी योगा मॅट कापून. घर गॅरेजसारखं दिसायला लागलं. पण उठायला अठरा सेकंद लागायचे त्याचे पहिल्याच आठवड्यात सहा झाले, व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. पंज्याच्या गाद्यांमधले केस कापा, नखं कापा, पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर बिनालिफ्टचे, तर उतरताना पोटाखालून जुनी ओढणी घालून मागचा भार मी उचलायचे. फिरणं बंद करू नका, उलट रोज थोडं थोडं, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. आठवडाभर झोपून रविवारी तासभर बॉल खेळणं हे सगळ्यात वाईट.

तिसरी गोष्ट वेदनाशामक, ज्याला सगळे घाबरतात आणि म्हणून सप्लिमेंटकडे वळतात, मी पण त्यातलीच. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब यांवर भक्कम काम झालेलं आहे. आधी रक्त तपासून किडनी-लिव्हर बघायचं, जेवणाबरोबर द्यायचं, स्टेरॉइड चालू असेल तर सोबत द्यायचं नाही, आणि उलट्या, काळी शी किंवा खाणं सोडलं तर थांबवून लगेच फोन. गोटीला मेलॉक्सिकॅम चालू झालं त्याच्या चौथ्या दिवशी ती स्वतःहून दाराशी पट्टा घेऊन आली, दीड वर्षाने. तेव्हा मला जरा रडूच आलं, कारण त्या दीड वर्षात मी तिला "म्हातारी झाली, शांत झाली" म्हणत होते, आणि ती शांत नव्हती, तिला दुखत होतं.

फक्त माणसांची औषधं घरच्या घरी नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लावतात, पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं. (डायक्लोफेनॅकने तर गिधाडं संपवली, गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम.)

आणि हो, टायगरचा एक्स-रे झालाय म्हणून ठीक आहे, पण अचानक जास्त लंगडायला लागला तर "आर्थ्रायटिस वाढला" असं घरीच ठरवू नका. आपल्याकडे गोचीड तापानेही सांधे धरतात, लिगामेंट तुटतं, मोठ्या जातीत म्हातारपणी हाडाचा कॅन्सरही निघतो.

खाली कमेंटमध्ये कोणीतरी विचारलंय की मांजराचं काय, तिलाही हे होतं का. एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले तर ९० जणींत सांध्याची झीज होती, पण मांजर लंगडत नाही, ती फक्त कपाटावर चढायचं सोडते, पाठीचे केस चाटून साफ करत नाही, आणि ट्रेच्या बाहेर शू करते कारण ट्रेची कड उंच आहे. आधी ट्रे बदला.

राहिला तुमचा उघडलेला डबा. संपवा, फेकू नका, बहुतेक कुत्र्यांना त्याने काही अपाय होत नाही. फक्त डबा कुत्र्यांसाठीचा आहे ना बघा, माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्यांना विष आहे. पुढचा डबा मात्र रक्ततपासणी आणि मॅट झाल्यावर, पैसे उरले तर. आणि गोळी दिल्यावर दोन मिनिटं त्याच्या मागे जाऊन बघा कुठे जातो ते.