पेंटाहायड्रेटमधला ‘पेंटा’ कोणाचा?

प्रश्न असा आहे: ‘कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट’ या नावातला ‘पेंटा’ नेमका कशाला लागू होतो? आणि CuSO₄·5H₂O या त्याच्या सूत्रातला ठिपका गुणाकाराचा धरून मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान, काढायचं का?

ठिपका गुणाकाराचा नाही. बीजगणितामुळे मधोमध ठिपका दिसला की हात गुणायलाच धावतो, पण इथे त्याचा अर्थ ‘सोबत’ एवढाच, म्हणजे बेरीज. ‘पेंटा’ फक्त ‘हायड्रेट’चा आहे. कॉपर सल्फेट एक, त्याच्यासोबत पाण्याचे रेणू पाच.

हाच आपला मोरचूद. तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४, असे झाले १५९.५. पाण्याचे पाच गुणिले १८, म्हणजे ९०. एकूण २४९.५ ग्रॅम प्रतिमोल. गुणाकार केला तर उत्तर चौदा हजारांच्या वर जातं, तेव्हा चूक निदान लक्षात तरी येते. दुसरी चूक मात्र लपून राहते. सूत्रात पाच हा आकडा हायड्रोजनला खेटून येतो, म्हणून काही जण फक्त हायड्रोजनलाच पाचाने गुणतात. मग पाण्याचे भरतात २६ आणि उत्तर येतं १८५.५. दिसायला अगदी साळसूद!

बाकी उपसर्ग पाठच करावे लागतात. हेक्झा सहा आणि हेप्टा सात, यांची अदलाबदल फार होते. ‘हेमी’ म्हणजे अर्धा. प्लास्टर ऑफ पॅरिस हे कॅल्शियम सल्फेट हेमीहायड्रेट, म्हणून १३६ अधिक ९, बरोबर १४५. पाण्याचा रेणू अर्धा तुटलेला नसतो, दोन कॅल्शियम सल्फेटमागे एक असं ते प्रमाण आहे.

मराठीत लिहिताना ‘सजल’ आणि ‘जलीय’ यांची गल्लत नको. सजल कॉपर सल्फेट म्हणजे स्फटिकजल (स्फटिकातच बांधलेलं पाणी) असलेले कोरडे निळे खडे. जलीय म्हणजे पाण्यात विरघळलेलं. खडे तापवून स्फटिकजल घालवलं की उरते ती पांढरी पूड निर्जल.

आणि हा फरक नावापुरता नाही. ०.१ मोल कॉपर सल्फेट हवं असेल तर निर्जल पूड १५.९५ ग्रॅम घ्यावी लागते, निळे खडे २४.९५ ग्रॅम. खडे १५.९५ ग्रॅमच तोलले, तर हाती जेमतेम ०.०६४ मोल येतं.