जानेवारीत घर बदलताय? आई-बाबांना सगळ्यात शेवटी न्या

प्रश्न: आम्ही कॅनडात मिसिसागाचं टाउनहाऊस विकून किचनरला घर घेतलंय. नव्या घराचं क्लोजिंग, म्हणजे ताबा मिळण्याचा दिवस, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. सासरे ७६ वर्षांचे, इन्सुलिन घेतात. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. "पौषात कुणी नव्या घरात जातं का?" असं त्या रोज विचारतात. तारीख तर आता हलत नाही. दोघांना त्रास न होता हे कसं पार पाडायचं?

उत्तर: तारीख हलत नसली तरी क्रम तुमच्या हातात आहे. आधी सामान जाऊ द्या, मग त्या दोघांची खोली लावा, आणि घर उबदार झालं की मगच त्यांना न्या. सामान हलवायच्या दिवशी ते जुन्या घरातही नकोत आणि नव्या घरातही नकोत.

मूव्हर्स आले की दार तासन् तास सताड उघडं असतं. फर्नेस (घर तापवणारं यंत्र) चालू असला तरी ऊब बाहेर जाते. खोकी उचलणाऱ्यांना घाम फुटलेला असतो, त्यामुळे घर किती गारठलंय हे त्यांना कळत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाल पांघरून बसलेल्या माणसाची मात्र काहीच हालचाल होत नाही. वय वाढलं की शरीराला ऊब धरून ठेवणं जड जातं आणि थंडी वाजल्याची जाणीवही उशिरा होते. "मी ठीक आहे गं" असं सासरे म्हणतील तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असेल. म्हणून तो दिवस आणि जमलं तर ती रात्रही त्यांना जवळच्या मराठी कुटुंबाकडे किंवा नातेवाइकांकडे राहू द्या. संकोच करू नका, अशा वेळी लोक आनंदाने ठेवून घेतात.

ओंटॅरिओत क्लोजिंगच्या दिवशी किल्ली बहुतेकदा दुपारनंतरच हातात पडते, आणि जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे त्याच दिवशी राहायला जायचं ठरवलं, तर अनोळखी पायऱ्या अंधारात चढाव्या लागणार. जुन्या घराचं क्लोजिंग दोन-तीन दिवस पुढचं ठेवता येईल का आणि मधल्या काळासाठी ब्रिज लोन, म्हणजे जुन्या घराचे पैसे येईपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, मिळेल का, हे वकिलाला आणि बँकेला आजच विचारा. थोडं व्याज जाईल. पण त्या दिवसांत घर नीट तापतं. रिकाम्या घराचा थर्मोस्टॅट बहुतेकदा खाली ठेवलेला असतो आणि भिंती, फरशी तापायला वेळ लागतो. किमान २१ अंशांवर ठेवा. बाहेरच्या भिंतीतून फर्नेसचे पांढरे पाइप निघतात, ते बर्फाने बुजलेले नाहीत ना, हे बाहेर जाऊन स्वतः बघा. ते बुजले तर घरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. अलार्मचं बटण दाबून तोही तपासा.

आता पौषाचं. सासूबाईंच्या मनातली शंका धुडकावून लावू नका. स्वतःचं घर सोडून परदेशात आलेल्या माणसाला आता आणखी एक घर सोडायचंय, त्यामुळे त्या प्रश्नामागे पंचांगापेक्षा बरंच काही असेल. त्यांना सांगा की आत्ता फक्त राहायला जायचंय, वास्तुशांत माघात मुहूर्त बघून करू, आणि तो मुहूर्त त्यांनाच काढू द्या. देवघर कुठे असावं, कुठलं खोकं कुणी हात न लावता त्यांच्याच हातून उघडलं जावं, हेही त्यांनाच विचारा. तरीही पहिल्या दिवशी दारात काही करावंसं वाटणारच. एरवी आपण उंबऱ्याशी नारळ फोडतो, भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकतो. उणे पंधराला ते पाणी पायरीवर पडलं की थोड्याच वेळात तिथे काचेसारखा थर होतो, आणि त्यावरून पुढचा पाय सासूबाईंचाच पडायचा. नारळ स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये फोडा, ओवाळणं दार लावून आतल्या बाजूला करा, पाणी वाटीतच राहू द्या. दूध उतू घालवायचं असेल तर खुशाल घालवा. अनवाणी पायांनी बाहेर मात्र कुणी उभं राहायचं नाही, फोटोपुरतंसुद्धा नाही.

पायऱ्यांवर आदल्या रात्री आणि सकाळी मीठ टाका. साधारण उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरा किंवा नुसती वाळू टाका, पाय धरतो. बूट घेताना टोरोंटोच्या 'रेट माय ट्रेड्स' यादीत बघून घ्या. तिथले संशोधक खऱ्या बर्फाच्या उतारावर माणसांना चालवून बुटांची पकड तपासतात आणि हिमकणांच्या चिन्हांनी गुण देतात. बुटाला लावायचे काटे बाहेर उपयोगी पडतात, पण गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात, म्हणून दारातच काढायचे. त्यासाठी दाराशी हात असलेली भक्कम खुर्ची ठेवा. बाहेर सगळे जपून चालतात आणि आत आल्यावर वितळलेल्या बर्फाच्या ओल्या फरशीवर पाय सटकतो. तिथे सरकणारी सतरंजी नको, खाली रबर असलेलं पायपुसणं हवं. घरात नुसत्या मोज्यांवर फिरू देऊ नका. त्या दिवशी सासूबाईंनी साडीऐवजी थर्मलवर पंजाबी ड्रेस घातला तर बरं. निऱ्या बुटाखाली येतात, ओल्या होतात आणि पायाला गार लागत राहतात.

सासऱ्यांच्या इन्सुलिनबद्दल नीट वाचा. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, वितळल्यावरही वापरायचं नाही. ते ट्रकमध्ये किंवा गाडीच्या डिकीत जाता कामा नये. कुणीतरी ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गाडीच्या हीटरच्या झोताजवळही नको. ग्लुकोमीटर आणि पट्ट्याही आतच ठेवा, कारण फार गारठ्यात मीटर चालत नाही. धावपळीत इन्सुलिन वेळेवर दिलं जातं आणि जेवण मात्र दोन तास लांबतं, असं हमखास होतं. पोळी-भाजीचा डबा, बिस्किटं आणि साखर हाताशी असू द्या.

अंगात थंडी भिनली की माणूस अडखळत बोलतो, गोंधळतो, पेंगायला लागतो, आणि थरथर थांबते तेव्हा ते बरं होण्याचं लक्षण नसतं. साखर खाली गेल्यावरही जवळपास हेच दिसतं. त्यामुळे "दमले असतील, झोपू दे" असं म्हणू नका. लगेच साखर तपासा आणि ताप बघा. तापमान ३५ अंशांच्या खाली असेल किंवा बोलणं विसंगत वाटलं, तर ९११ ला फोन करा. तोवर ओले कपडे काढून छाती-पोट पांघरुणात गुंडाळा, हातपाय चोळू नका, ब्रँडी देऊ नका. मधुमेहात तळपायांची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून गरम पाण्याची पिशवी थेट पायाला लावू नका. भाजलेलं त्यांना कदाचित कळणारही नाही.

प्रवास शंभर किलोमीटरच्या आतलाच असला तरी ४०१ हायवेवर बर्फ पडत असेल तर दुप्पट वेळ धरा. निघण्याआधी ५११ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्त्याची स्थिती बघा. दोघांना सकाळी उजेडात न्या. वारा धरून तापमान उणे २८ च्या खाली असेल तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी एक मुक्काम वाढवणंच शहाणपणाचं.

पहिल्या रात्रीसाठी त्यांचा पलंग जुन्या घरात ज्या बाजूने उतरायची सवय होती, त्याच बाजूने उतरता येईल असा लावा. झोपेत पाय सवयीनेच खाली जातो. बाथरूमपर्यंत रात्रीचे दिवे, कमोडजवळ धरायला दांडा, पाठ असलेल्या घट्ट चपला, हे सगळं ते येण्याआधी तयार हवं.

हेल्थ कार्डवरचा पत्ता तीस दिवसांत बदलायचा असतो. घरचा फोन इंटरनेटवरून चालत असेल किंवा सासऱ्यांच्या गळ्यात मदतीचं बटण असेल, तर नवा पत्ता त्या कंपन्यांना पहिल्याच दिवशी कळवा, नाहीतर ॲम्ब्युलन्स मिसिसागाच्या जुन्या दारात जाऊन उभी राहील. नवा पत्ता मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि खाली मराठी उच्चारात लिहून फोनजवळ चिकटवा, आणि सासूबाईंकडून दोन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्या.