सोनिया म्हणून घेतली, फुलं निघाली पांढरी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको शेडनेटमध्ये फुलं पिकवतो. पुण्याकडच्या एका नर्सरीतून 'डेंड्रोबियम सोनिया १७' या ऑर्किडची १२०० रोपं ९६,००० रुपयांना घेतली. बिलावर आणि ट्रेच्या लेबलांवर हेच नाव आहे. आता सगळ्या दांड्यांना पांढरी फुलं आलीत. नर्सरीवाले म्हणतात, "कोकणच्या हवेनं रंग उडाला. सोनिया नाही तर कोणती, ते आधी सिद्ध करा." काय करावं? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, ही रोपं कोणती हे शोधायची जबाबदारी तुमची नाहीच. बिलात लिहिलेली ती ही नव्हेत, एवढंच तुम्हाला दाखवायचं आहे. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असं वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं.

ऑर्किडच्या बाबतीत तर खरं नाव शोधायच्या फंदात पडूच नका. सोनिया हा सीझर आणि टॉमी ड्रेक या दोन डेंड्रोबियमचा संकर. ऑर्किड संकरांची आंतरराष्ट्रीय नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते, पण ती आईबापांवरून होते. एकाच संकराच्या बियांतून आलेली भावंडं रंगाने वेगळी निघू शकतात. नुसता फोटो पाहून "ही अमुकच" असं ठासून सांगणारा तज्ज्ञ उलटतपासणीत पाच मिनिटं टिकायचा नाही.

म्हणूनच बिलावरचा तो '१७' लाखमोलाचा. नुसतं 'सोनिया' असतं, तर समोरच्या वकिलाने भावंडांची पळवाट काढली असती. १७ म्हणजे जांभळ्या पाकळ्यांची, मध्याकडे पांढरी होत जाणारी एक ठरावीक निवड, टिशू कल्चरने, म्हणजे एकाच रोपाच्या तुकड्यांपासून प्रयोगशाळेत हुबेहूब रोपं करून, वाढवलेली. टिशू कल्चरमध्येही एखाददुसरं रोप वेगळं निघतं, पण १२०० च्या १२०० नाही. हवेचं म्हणाल, तर उन्हा-तापमानाने छटा फिकी-गडद होते, सगळ्या जांभळ्याचं पांढरं होत नाही. तरी या मुद्द्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या उद्यानविद्या तज्ज्ञाचं लेखी मत घ्याच. गरज पडल्यास ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली नमुने प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

रागाच्या भरात रोपं उपटू नका, तोच तुमचा मुख्य पुरावा. फूल, पान, फुगीर खोड आणि लेबल एकाच चौकटीत येतील असे फोटो काढा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पाहणी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल.

"धंद्यासाठी घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" हा बचाव येणारच. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये बसते. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी (२०१२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आहे. "विकलेला माल परत घेणार नाही" असं बिलावर छापलं असेल, तर त्याने घाबरू नका.

आधी पोचपावतीसह नोटीस पाठवा. पंधरा दिवसांत रक्कम मिळाली नाही, तर ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही जिल्ह्यातच राहता, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येतं. मुदत दोन वर्षांची. ती पहिलं फूल दिसल्यापासून धरावी असा युक्तिवाद करता येईल, पण तुम्ही बिलाच्या तारखेपासूनच मोजा. भरपाईत रोपांच्या किमतीसोबत खत, मजुरी आणि बुडालेला हंगामही मागा, मात्र प्रत्येक आकड्यामागे पावती हवी.