मुलींच्या फायनलला माणसं कुठून आणायची?

प्रश्न : बाई, आमचा क्लब दर मे महिन्यात फुटबॉल स्पर्धा भरवतो. यंदा मुलींचेही सामने ठेवले. पुरुषांना पहिलं बक्षीस पन्नास हजार, मुलींना सात. मुली रुसल्या. पण त्यांच्या फायनलला माणसंच नव्हती, मग स्पॉन्सर कुठून मिळणार? दुसरं म्हणजे, पाहुण्या संघातल्या नायजेरियन खेळाडूकडे बघून आमची पोरं माकडाचे आवाज काढत होती. आम्हाला ती गंमत वाटली. तो मात्र मैदान सोडून गेला. आम्ही काय करायला हवं होतं?
— एक सचिव, पेडणे तालुका

उत्तर : सचिवसाहेब, मुलींची फायनल किती वाजता होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुपारी तीनला असणार. पुरुषांची संध्याकाळी, दिवे लावून. मे महिन्यात तीन वाजता मैदानावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

१९२०च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. ‘डिक, कर अँड कंपनी’ नावाच्या कारखान्यातल्या मुलींचा संघ होता तो. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ‘हा खेळ बायकांसाठी नव्हे’ म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. एवढं झाल्यावर विचारायला मोकळे, बायकांचं फुटबॉल बघतो कोण!

तेव्हा दोन्ही फायनली एकाच संध्याकाळी ठेवा, मुलींची पाचला, पुरुषांची सातला. तुमच्या सत्तावन्न हजारांचे दोन सारखे वाटे करा. पुरुष कुरकुरतील, कुरकुरू देत. बीसीसीआयने २०२२ मध्ये मॅच फी सारखी केलीच ना, कसोटीला १५ लाख, दोघांनाही. (वार्षिक करारांत अजून जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो विषय वेगळा.)

माकडाचे आवाज ही गंमत नव्हे. फिफाच्या नियमात तीन पायऱ्या आहेत. रेफरीने खेळ थांबवून माइकवरून ताकीद द्यायला लावायची. तरी चालूच राहिलं तर संघांना काही वेळ बाहेर न्यायचं. तिसऱ्यांदा सामना बंद. हे रेफरीला आणि माइकवाल्याला आधीच सांगून ठेवा. माइकवाल्याला तर दोनदा सांगा, ‘तो काळो बघा’ म्हणून सुरुवात तोच करतो, मी पुष्कळ मैदानांवर ऐकलंय. नायजेरियाचाच रँटी मार्टिन्स गोव्याच्या धेंपो क्लबकडून गोलामागून गोल करत होता, तेव्हा आपण गोंयकारांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

त्या खेळाडूच्या क्लबला लेखी माफी पाठवा, लेटरहेडवर. आणि आवाज काढणाऱ्या पोरांना पुढच्या वर्षी गेटवरच अडवा. कोण होती ते तुम्हाला ठाऊक नाही असं सांगू नका, गाव ते केवढं!