हार्ट-लंग मशीनवर (हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) रक्त गोठू नये म्हणून नेमकं काय तपासतात?

एसीटी, म्हणजे ॲक्टिव्हेटेड क्लॉटिंग टाइम. रक्ताचे थेंबभर नमुने ऑपरेशन थिएटरमध्येच छोट्या यंत्रात घालतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. एरवी हा आकडा साधारण 100 ते 120 च्या आसपास असतो. शरीराच्या दर किलो वजनामागे 300 ते 400 युनिट हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, दिल्यावर तो बहुतेक ठिकाणी 480 च्या वर गेल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. पुढे साधारण दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी.

एपीटीटी, म्हणजे रक्त गोठण्याची प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी, का नाही, असंही तुम्ही विचारलंय. इतक्या हेपरिनमध्ये त्या चाचणीत रक्त गोठतच नाही, मग आकडा कसला मिळणार!

पण एसीटीवर डोळे झाकून विसंबू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शरीर थंड केलं किंवा द्रव मिसळून रक्त पातळ झालं, की हेपरिन कमी होत असतानाही आकडा मोठा दिसतो. उलट हेपरिन देऊनही आकडा चढला नाही, तर अँटिथ्रॉम्बिन (रक्तातलं प्रथिन, ज्याच्यामार्फत हेपरिन काम करतं) कमी असल्याची शंका घ्यावी; तेव्हा प्लाझ्मा किंवा अँटिथ्रॉम्बिन देतात. शेवटी हेपरिनचा परिणाम घालवणारं प्रोटामिन देऊन एसीटी मूळ पातळीवर आला का, ते पाहतात.